सी६ इजेनंतर लेखापालाचं टेबल: माउसची दोन कामं, दोन हात

मानेत मज्जारज्जूला सी६, म्हणजे वरून सहाव्या, पातळीवर इजा झाली की माणूस कोपर वाकवू शकतो, मनगट वर उचलू शकतो, खांदाही बऱ्यापैकी हलवतो. बोटं मात्र स्वतःहून मिटत नाहीत. कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स, साथ देत नाही. साध्या माउसला नेमकं हेच सगळं लागतं: मुठीत धरणं, पुढे ढकलणं, आणि हात तसूभरही न हलवता एकच बोट दाबणं. त्यामुळे डोकं पूर्वीइतकंच चालत असूनही माणूस संगणकापुढे अडून बसतो.

पुढचं प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा इजेनंतर कामावर परतणाऱ्यांच्या टेबलाशी जे पुन्हापुन्हा दिसतं, ते इथे एका लेखापाल बाईंच्या रूपात एकत्र मांडलं आहे.

परिस्थिती

वय ३८. रस्ते अपघात, मानेत प्लेट आणि स्क्रू, नंतर बरेच महिने पुनर्वसन. उजव्या मनगटाची उचलण्याची ताकद ५ पैकी ४, डाव्याची ३. म्हणजे डावं मनगट वर उचललं जातं, पण त्यावर जरा जरी भार आला तर टिकत नाही. दोन्ही हातांना अंगठ्याच्या बाजूला स्पर्श कळतो, करंगळीच्या बाजूला कळत नाही. पुढे हीच गोष्ट निर्णायक ठरते.

काम तालुक्याच्या गावातल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात. दिवसभर टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल आणि बँकांची संकेतस्थळं. मालकांची तयारी आहे, फक्त 'काम उरकलं पाहिजे' ही एक अट. टायपिंगची सोय पुनर्वसनातच झालेली: तळहाताभोवती वेल्क्रोने बांधायचा युनिव्हर्सल कफ, त्यात पेन्सिल, खोडरबराचं टोक खाली. एकेक कळ, पण नेमकी. घोडं अडलेलं होतं माउसपाशी.

आधी घेतलेल्या तीन वस्तू

अशा घरी गेलं की एका पिशवीत न चाललेली साधनं सापडतातच. इथे तीन होती.

पहिला उभा माउस. हस्तांदोलनासारखा धरायचा, मनगटदुखीला चांगला. पण तो धरावाच लागतो आणि टेबलावरून सरकवावा लागतो. पकड नाही, पुढे ढकलायला ट्रायसेप्स नाही. दोन्ही बाजूंनी बाद.

दुसरा अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल, ३४ मि.मी. चेंडूचा. 'ट्रॅकबॉल घ्या' हा सल्ला बरोबर होता, जात चुकली. सी६ मध्ये अंगठा स्वतःहून वळत नाही. मनगट उचललं की तो तर्जनीकडे ओढला जातो इतकंच, आणि एका दिशेच्या ओढीवर चेंडू चारी बाजूंना फिरत नाही.

तिसरं डोक्याच्या हालचालीवर चालणारं साधन. हे खरं तर चाललं. पॉइंटर हवा तिथे जायचा, क्षणभर थांबलं की क्लिक व्हायचं. पण लेखापालाची नजर सतत पडद्यावर नसते. डाव्या हाताला बिलांची चळत असते. बिल वाचायला मान वळवली की पॉइंटरही वळणार, आणि तिथे थांबला की क्लिक होणार. दर बिलामागे साधन बंद करून पुन्हा चालू करायचं म्हणजे काम दुप्पट. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या मानेवर दिवसभराचा ताण. सी४ च्या इजेत, जिथे हात जवळजवळ नाहीतच, तिथे हेच साधन पहिली निवड ठरेल. इथे हात होते, ते वापरात आणायला हवे होते.

आधी बसणं, मग माउस

धडाचे स्नायू नसल्याने खुर्चीत तोल राखायला बरेच जण डावा दंड व्हीलचेअरच्या मागच्या दांड्याला अडकवतात. बाईही तेच करत. म्हणजे उजवा हात काम करतो तेव्हा डावा तोल सांभाळण्यात अडकलेला, आणि डाव्या हाताला दुसरं कोणतंही काम देता येत नाही. त्यामुळे पहिली दुरुस्ती माउसची नव्हतीच. छातीभोवती सुमारे १० सें.मी. रुंद वेल्क्रोचा पट्टा घातला; खाली दोन बोटं सहज जातील इतका सैल, मनगटाने ओढून सुटेल असा. डावा हात मोकळा झाला तो तिथे.

टेबल चार विटांवर उचललं होतं, कारण व्हीलचेअर खाली जात नव्हती. गुडघ्यांसाठी ६८ ते ७० सें.मी. मोकळी उंची लागते, पण वरची पाटी जाड असली की कामाची पातळी ७६-७७ सें.मी. वर जाते आणि खांदे कानांकडे चढतात. पाटी बदलून १८ मि.मी. प्लाय घेतला, पुढच्या कडेला पोटासाठी अर्धगोल कापला. त्यामुळे दोन्ही कोपरं टेबलावर येतात, कोन ९० ते १०० अंशांत राहतो. कोपर टेकलेलं असणं इथे सगळ्यात मोलाचं आहे. हवेत धरलेला हात खांद्याच्या जिवावर असतो आणि दहा मिनिटांत थकतो.

मग हाताची चाचणी. गुळगुळीत टेबलावर मऊ फडकं ठेवायचं, त्यावर हात, आणि 'जमेल तितकं चारी बाजूंना पुसा' म्हणायचं. पुसल्या गेलेल्या जागेची कड खडूने आखायची. उजव्या हाताची आकृती डावी-उजवीकडे रुंद, अंगाकडे ओढताना चांगली, पुढे मात्र जेमतेम. ट्रायसेप्स नसलेल्या हाताचा हाच नकाशा असतो: बाजूला जाता येतं, ओढता येतं, हात खाली सोडता येतो, ढकलता येत नाही. पुढची मांडणी सगळी या खडूच्या रेघेच्या आत बसवली.

पॉइंटर: उजवा हात

निवड झाली ५५ मि.मी. चेंडूच्या, चार बटणांच्या, चेंडूभोवती स्क्रोलची कडी असलेल्या ट्रॅकबॉलची. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माउस याच मापाचा. त्याहून मोठे, ७५ मि.मी. चेंडूचे ट्रॅकबॉलही मिळतात. हाताची हालचाल फारच ढोबळ असेल, सेरेब्रल पाल्सीतले झटके असतील, तर तेच घ्यावेत. (१९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या प्रकल्पासाठी एक ट्रॅकबॉल बनला, त्यात बोलिंगचा अख्खा चेंडू बसवला होता. मोठा चेंडू आणि पूर्ण तळहात, ही जोडी इतकी जुनी आहे.)

चेंडू बोटांनी नाही, तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्याने फिरवायचा. तिथे स्पर्श कळतो, म्हणून हात चेंडूवर आहे की बाजूला घसरला ते न बघता समजतं. व्हीलचेअर ढकलायचे चामड्याचे हातमोजे काढायलाच हवेत, चामडं चेंडूवरून घसरतं. ट्रॅकबॉलच्या आपल्याकडच्या कडेखाली १ सें.मी. जाडीची पट्टी दिली. उतार पुढे झाला, की जी दिशा सगळ्यात अवघड तिथे गुरुत्वाकर्षण मदतीला येतं. खाली न घसरणारी रबरी चटई. कोपराखाली दाट फोमचा खोलगट ठोकळा, पट्ट्याशिवाय.

मनगटाला ताठ स्प्लिंट बांधून 'आधार' द्यायचा मोह होतो. देऊ नये. सी६ मध्ये मनगट वर उचललं की बोटं आपोआप आत वळतात, खाली सोडलं की उघडतात. हीच त्या हाताची पकड, टेनोडेसिस. ताठ स्प्लिंटने ती मारली जाते. मनगट वर असताना बोटं सरळ ताणून व्यायाम दिला, तर स्नायूरज्जू सैल पडून ती पकड कायमची कमजोर होऊ शकते. घरच्यांनाही हे स्पष्ट सांगावं.

विंडोजमध्ये पॉइंटरच्या वेगाच्या पट्टीवर ११ खुणा असतात. मधल्या, म्हणजे सहाव्या खुणेवर सुरुवात करून दोन दिवसांनी एकेक खूण पुढे जायचं. 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू ठेवलं. त्याने भरभर फिरवल्यावर पॉइंटर लांब जातो आणि हळू फिरवल्यावर अगदी थोडा सरकतो. हात थरथरत असेल तर हेच बंद करून बघावं, कारण थरथर म्हणजे भरभर हालचालच. पॉइंटरचा आकार १ ते १५ मध्ये ४ वर, रंग उठून दिसणारा.

क्लिक: डावा हात, आणि पहिली चूक

पहिल्या दिवसापासून तक्रार एकच: पॉइंटर बटणावर नेला, ट्रॅकबॉलचं बटण दाबायला गेलं, की चेंडू हलतो. सराव कितीही केला तरी यातून सुटका नाही. बोटं स्वतंत्र हलत नसतील तर एकाच हाताने नेम धरायचा आणि त्याच हाताने चाप ओढायचा, हे होणार नाही. पॉइंटर नेणं आणि क्लिक करणं ही दोन कामं दोन जागी न्यावीच लागतात. या प्रकरणाचा गाभा तोच.

ट्रॅकबॉलचं खालचं डावं बटण सॉफ्टवेअरमधून निकामी केलं आणि डावा क्लिक डाव्या हाताला दिला. त्यासाठी महागडा ट्रॅकबॉल उघडायची गरज नाही. विंडोज जोडलेल्या सगळ्या माउसची बटणं एकत्र मानतं. म्हणून तीनशे रुपयांचा वायरचा साधा माउस घेऊन त्यालाच क्लिकची डबी बनवली. तो उघडला की बटणांखाली तीन पायांचे छोटे मायक्रोस्विच दिसतात. मल्टिमीटर बीपवर लावायचा. बटण दाबल्यावरच ज्या दोन पायांत बीप वाजते, ते आपले. त्या दोन पायांना बारीक वायरी कथलाने जोडायच्या, २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ टेकवायची नाही, नाहीतर पायाखालचा तांब्याचा ठिपका उखडतो. वायरींच्या दुसऱ्या टोकाला ३.५ मि.मी. चा मोनो सॉकेट. अपंगांसाठीची जवळजवळ सगळी मोठी बटणं याच पिनेवर चालतात, त्यामुळे पुढे बटण बदललं तरी डबी तीच राहते. वायरीला आत एक गाठ मारावी, म्हणजे बाहेरून ओढ बसली तर कथील सुटत नाही. सेन्सर उघडा ठेवला तर पॉइंटर अधूनमधून थरथरतो. माउस दुतोंडी टेपने टेबलाच्या पाटीला खालून पक्का चिकटवला, की सेन्सरला समोर न हलणारा पृष्ठभाग दिसतो आणि तो गप्प बसतो.

बाहेरचं बटण ६ सें.मी. व्यासाचं, हलक्या दाबाचं. पहिल्यांदा ते टेबलावर सपाट ठेवलं, डावी मूठ जिथे सहज पडते तिथे. हिशोब सरळ वाटला होता: ढकलता येत नाही पण हात सोडता येतो, तर तो बटणावर सोडू.

दोन दिवसांत एक्सेलमधल्या रांगाच्या रांगा आपोआप निवडल्या जाऊ लागल्या. कारण शोधायला हाताच्या पातळीवर डोळे नेऊन पाहावं लागलं. मूठ खाली पडायची, क्लिक व्हायचं, पण परत उचलली जायची नाही. डाव्या मनगटाची ताकद तीनच. मुठीचं वजन बटणावर तसंच राहायचं. त्यात ओढण्याच्या सोयीसाठी विंडोजचं 'क्लिकलॉक' चालू होतं. त्यात बटण ठरावीक वेळ दाबून ठेवलं की ते दाबलेलंच धरलं जातं. थकलेली मूठ म्हणजे क्लिकलॉकला मिळालेला हुकूम. आणि बटण करंगळीच्या बाजूखाली होतं, जिथे स्पर्शच नाही. आपण अजून दाबतोय हे बाईंना कळत नव्हतं. त्या बाजूला कातडी लालही झाली होती.

उपाय: बटण उभं केलं. एल आकाराच्या पट्टीवर, मुठीच्या अंगठ्याच्या बाजूपासून १ सें.मी. अंतरावर. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फोमवर निवांत पडलेला, मूठ बटणाला न टेकलेली. क्लिक करायला हात खांद्यातून किंचित आत, अंगाकडे फिरवायचा. ही हालचाल दोन्ही हातांत शाबूत होती. सोडलं की मूठ फोमवर आपसूक परत येते. आणि स्पर्श होतो तो अंगठ्याच्या बाजूला, जिथे कळतो. अनवधानाने होणारे क्लिक त्याच दिवशी जवळपास थांबले.

क्लिकलॉक बंद केलं. ओढण्यासाठी ट्रॅकबॉलच्या वरच्या उजव्या बटणाला 'ड्रॅग लॉक' दिलं: एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सोडलं. वरचं डावं बटण उजव्या क्लिकसाठी.

डबल क्लिक तरीही दहातून काही वेळा हुकत होता. वेगाची मुदत ५०० मिलिसेकंदांवरून शेवटच्या टोकाला, ९०० वर नेली. थोडाच फरक पडला. खरं कारण दुसरीकडे होतं. दोन क्लिकच्या मध्ये पॉइंटर पहिल्या क्लिकभोवतीच्या ४ पिक्सेलच्या चौकोनाबाहेर सरकला तर विंडोज त्याला डबल क्लिक मानतच नाही. उजवा हात चेंडूवर टेकलेला असल्याने तेवढं सरकणं व्हायचंच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, 'कंट्रोल पॅनेल' खाली 'माउस' शाखेत डबल क्लिकची रुंदी आणि उंची ४ वरून २० केली. 'डेस्कटॉप' शाखेत ड्रॅगची रुंदी-उंचीही २०, नाहीतर साधा क्लिक करताना फाइल ओढली जाऊन भलत्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. बदल करण्याआधी रजिस्ट्रीची प्रत काढावी. नंतर साइन आउट करून परत आत यावं, त्याशिवाय बदल लागू होत नाहीत. ही सेटिंग फारसं कुणी बदलत नाही आणि हात कमजोर असलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा तिचाच होतो.

माउस जिथे लागतच नाही

टॅलीत माउस शोधायचाच नाही. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, ऑल्ट-जी ने हवा तो अहवाल, कंट्रोल-ए ने व्हाउचर पक्कं. पेन्सिलीने सगळं होतं. दोन कळांच्या जोडीसाठी 'स्टिकी कीज', म्हणजे आधी ऑल्ट, मग जी. त्यात 'दोन कळा एकदम दाबल्यास बंद करा' हा पर्याय काढून टाकायचा. पेन्सिल दोन कळांच्या फटीत पडली की सोय गुपचूप बंद होते आणि 'संगणक ऐकत नाही' अशी तक्रार येते.

जीएसटीच्या पोर्टलवर मात्र माउस लागतोच. ब्राउझर १५० टक्क्यांवर. चौकटीत खूण करायला टॅबने पोचून स्पेस, यादी उघडायला ऑल्ट आणि खालचा बाण. पोर्टल थोडा वेळ काही न केल्यास बाहेर काढतं, म्हणून आकडे आधी बाहेर तयार ठेवून मगच आत जायचं. ओटीपीसाठी फोन उचलावा लागू नये. संदेश संगणकावरच दिसतील अशी जोडणी केली. कंपन्यांच्या विवरणपत्रांना डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो इवलासा टोकन मागच्या खाचेत घालणं या हातांना शक्य नाही. यूएसबीची वाढीव वायर टेबलाच्या कडेला पट्टीने घट्ट बसवली, टोकन सहकारी लावतो आणि काम झाल्यावर कपाटात ठेवतो.

पहिला महिना

सुरुवात २० मिनिटांच्या बैठकींनी, दिवसातून चार. पहिले काही दिवस नुसता सॉलिटेअर. पत्ते ओढून नेण्यात नेम, क्लिक आणि ड्रॅग लॉक तिन्ही घोटून होतात. प्रत्येक बैठकीनंतर तीन नोंदी: चुकून झालेले क्लिक किती, खांद्याचा थकवा दहापैकी किती, कातडीवर लाली आहे का. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेचा फोम बदलायचा. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बुडाखालचा दाब काढायचाच, विवरणपत्राची शेवटची तारीख असली तरी.

एक गोष्ट कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत हवी. टी६, म्हणजे छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर झालेल्या इजेत (सी६ त्यातच येते) लघवीची नळी टेबलाच्या पायात दुमडली, पट्टा आवळला किंवा मूत्राशय तुंबलं, तर रक्तदाब अचानक भयंकर चढू शकतो. खूण अशी: डोक्यात घणाचे घाव, चेहरा लाल, घाम. अशा वेळी आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, छातीचा पट्टा आणि कपडे सैल करायचे, नळी सरळ करायची, आणि लगेच आराम पडला नाही तर दवाखान्यात न्यायचं. टेबलाखालच्या मोकळ्या जागेत वायरी लोंबत ठेवू नयेत, याचं हेही एक कारण.

तिसऱ्या आठवड्यात पॉइंटर वर जाईना, बाकी तिन्ही बाजूंना नीट. ट्रॅकबॉल बिघडला असा सगळ्यांचा समज झाला. चेंडू उचलून पाहिला तर आत तो ज्या तीन मण्यांवर टेकतो, त्यातल्या एकावर राखाडी लोकरीसारखा मळाचा कडक थर बसलेला. तळहाताने फिरवलेल्या चेंडूवर हा थर बोटांपेक्षा लवकर बसतो. हाताला तेल किंवा क्रीम लावलं असेल तर आणखी लवकर. दर सोमवारी कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तिन्ही मणी पुसायचे, चेंडू कोरड्या फडक्याने. तीन मिनिटांचं काम.

दुसरी अडचण टेबल पुसणाऱ्या मावशींची. त्या सगळं उचलून स्वच्छ पुसत आणि नीट, पण एक सें.मी. इकडेतिकडे ठेवत. बटण एका सें.मी. ने लांब गेलं की खांदा ताणला जातो, जवळ आलं की आपोआप क्लिक. मग ट्रॅकबॉल, फोम आणि बटणाच्या पट्टीभोवती रंगीत इन्सुलेशन टेपने कडा आखल्या. तेव्हापासून वस्तू आपापल्या घरात परत जातात.

खर्च आणि कायदा

सगळ्यात मोठा खर्च ट्रॅकबॉलचा, काही हजारांचा. बाकी फोम, पट्ट्या, सॉकेट, साधा माउस हे सगळं मिळून त्याच्या निम्म्याच्याही आत. म्हणून विकत घेण्याआधी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागात तासभर वापरून पाहावं. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी असं मूल्यमापन करणारी माणसं आहेत. पिशवीतल्या त्या तीन वस्तूंचे पैसे वाचले असते.

नोकरी सरकारी असती तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. खासगी कार्यालयाला हे कलम तसं लागू होत नाही. कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण मात्र प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावं लागतं, आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी त्यात लिहाव्या लागतात; २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर आणखी तपशीलही. इथे कार्यालय लहान होतं. मालकांनी टेबलाची पाटी स्वतःहून करून दिली.

सहा आठवड्यांनी उजवा खांदा संध्याकाळी दुखू लागला. ट्रायसेप्स नसलेल्या हाताचा सगळा भार खांद्यावर येतो, त्यामुळे हे दुखणं 'होईल बरं' म्हणून सोडून द्यायचं नाही. मोजून पाहिलं तर कोपराखालचा फोम दबून दीड सें.मी. बसला होता. तो बदलला, आणि जुलै-सप्टेंबरच्या गर्दीतही सलग चाळीस मिनिटांवर बैठक न्यायची नाही असं ठरलं. खणात आता कापलेल्या फोमचे दोन ठोकळे, एक तयार क्लिकची डबी आणि सगळ्या मापांचा कागद ठेवलेला असतो. कागदावर पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात आहे: डावं बटण उभं, मुठीपासून १ सें.मी.